सौर विद्युत् पुरवठा, घरगुती

सौर विद्युत् पुरवठा, घरगुती : सूर्यप्रकाशाचे सौर विद्युत् घटांच्या साहाय्याने सरळ विजेत रूपांतर करून ती वीज घरातील दिवाबत्तीसाठी व उपकरणांसाठी वापरण्याची व्यवस्था. ही व्यवस्था मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात घर सार्वजनिक विद्युत् जाळ्याला जोडलेलेच राहते. दिवसा निर्माण झालेली जास्तीची वीज जाळ्यात सोडली जाते व रात्री जाळ्यातून वीज घेतली जाते. दुसऱ्या प्रकारात घराचा जाळ्याशी काहीही संबंध नसतो. वीज घरीच निर्माण करून घटमालेत साठवितात व तेथूनच वापरतात. या दुसऱ्या प्रकाराला स्वावलंबी संच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे स्वावलंबी संचाचा विचार केलेला आहे.

या दोन प्रकारांत एक महत्त्वाचा फरक आहे. जाळ्याला जोडलेल्या घरात विजेचा वापर वाढला, तर फक्त देयकाची रक्कम वाढते. स्वावलंबी घरात वापर वाढला, तर घटमाला रिकामी होते आणि घरात अंधार होतो. निर्मिती, साठवण व वापर यांचा मेळ येथे घरच्या घरीच बसवावा लागतो. त्यामुळे असा संच उभारताना छतावर किती पॅनेले मावतील यापेक्षा घराची गरज किती आहे व वर्षातील सर्वांत प्रतिकूल महिन्यात ती कशी भागेल, या प्रश्नांपासून सुरुवात करणे आवश्यक ठरते. बंद पडलेल्या अनेक संचांच्या मुळाशी या प्रश्नांची उपेक्षा आढळते.

जाळ्याला जोडलेल्या साध्या संचाविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. जाळ्यातील वीज गेली की, भर दुपारीसुद्धा असा संच आपोआप बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराला घरातून उलट दिशेने येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तशी योजना मुद्दाम केलेली असते. वीज गेल्यावरही दिवे चालू राहावेत अशी अपेक्षा असेल, तर घटमाला असलेला संमिश्र संच बसवावा लागतो.

इतिहास : प्रकाशामुळे विद्युत् दाब निर्माण होतो, हे फ्रेंच भौतिकीविज्ञ ए. ई. बेक्रेल यांना १८३९ मध्ये आढळून आले. अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ च्या सुमारास सिलिनियमाचा घट तयार केला. मात्र त्याची कार्यक्षमता १ टक्क्याहूनही कमी होती. व्यवहारोपयोगी घट १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डी. एम. चॅपिन, सी. एस. फुलर व जी. एल. पीअर्सन यांनी सिलिकॉनापासून बनविला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या कृत्रिम उपग्रहावर असे घट वापरण्यात आले. त्यानंतर दीर्घकाळ त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिली. साठवणीचे साधन मात्र याहून जुने आहे. गास्तों प्लांते यांनी शिसे-अम्ल संचायक घट १८५९ मध्येच तयार केला होता.

भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लि. या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये सौर घट तयार केला. १९७३ मधील खनिज तेलाच्या भाववाढीनंतर पर्यायी ऊर्जेचा विचार जोमाने सुरू झाला. १९८१ मध्ये केंद्र सरकारने अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग स्थापन झाला व १९९२ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले. २००६ मध्ये त्यास नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे नाव मिळाले. पश्चिम बंगालमधील सागर बेटावर कमलपूर येथे १९९६ मध्ये सु. २६ किवॉ. क्षमतेचे सौर केंद्र उभारून गावाला वीज देण्यात आली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत, जेथे तारमार्ग नेणे परवडत नव्हते अशा दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉ. पॅनेल, घटमाला, पाच एलईडी दिवे व एक एकदिश प्रवाहावर चालणारा पंखा असलेल्या संचाची तरतूद करण्यात आली. त्या तरतुदीत पाच वर्षांच्या देखभालीचा समावेश होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कार्यतत्त्व : सिलिकॉन हा अर्धसंवाहक आहे. त्याच्या एका थरात फॉस्फरसासारखे व दुसऱ्या थरात बोरॉनासारखे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळले म्हणजे त्या थरांच्या सीमेवर विद्युत् क्षेत्र निर्माण होते. प्रकाशकण सिलिकॉनात शोषला गेला की, इलेक्ट्रॉन मोकळा होतो. सीमेवरील क्षेत्र त्याला एका बाजूस ढकलते आणि बाहेरील मंडलातून विद्युत् प्रवाह वाहू लागतो. या क्रियेत कोणताही भाग हलत नाही व कोणतेही द्रव्य खर्च होत नाही. म्हणून असा घट दीर्घकाळ टिकतो. एका घटाचा विद्युत् दाब केवळ ०·६ व्होल्टच्या आसपास असतो. त्यामुळे अनेक घट एकसरीत जोडून, त्यांवर काच बसवून व भोवती ॲल्युमिनियमाची चौकट लावून पॅनेल तयार करतात. १२ व्होल्टच्या घटमालेसाठी ३६ घटांचे पॅनेल वापरण्याची प्रथा आहे. [⟶ अर्धसंवाहक].

पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीतील असते. प्रकाशाची तीव्रता दर चौ. मी. ला १,००० वॉ. व घटाचे तापमान २५° से. असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात उन्हाळ्यातील दुपारी घटाचे तापमान ६५° से. पर्यंत चढते. दर अंशास सु. ०·३५ ते ०·४५ टक्के या प्रमाणात क्षमता घटत असल्याने केवळ उष्णतेमुळे १५ टक्क्यांच्या आसपास घट येते. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्यामुळे छत व पॅनेल यांमध्ये हवा खेळण्यासाठी १० ते १५ सेंमी. अंतर ठेवतात.

संचाचे घटक : (१) पॅनेल : सध्या प्रचारात असलेल्या सिलिकॉन पॅनेलांची कार्यक्षमता सु. २० ते २२ टक्के असते व पुरेशी काळजी घेतल्यास ती २५ वर्षे वा अधिक काळ चालतात. भारतीय मानक आयएस १४२८६ ची नोंद त्यांवर असणे इष्ट असते. (२) भारण नियंत्रक : घटमालेत गरजेपेक्षा अधिक वीज जाऊ न देणे हे याचे मुख्य काम होय. साधा नियंत्रक पॅनेलचा दाब घटमालेच्या दाबापर्यंत खाली खेचतो. सुधारित नियंत्रक पॅनेलच्या कमाल शक्तीचा बिंदू शोधून त्यावर काम करतो व त्यामुळे विशेषतः ढगाळ आणि थंड हवेत अधिक वीज मिळते. (३) घटमाला : दिवसा साठवून रात्री वीज देणारा हा भाग संचातील सर्वांत नाजूक व वारंवार बदलावा लागणारा भाग आहे. (४) इन्व्हर्टर : हा घटमालेतील एकदिश प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. तो सुरू असेपर्यंत, घरातील एकही दिवा लागलेला नसला, तरी स्वतःसाठी थोडी वीज घेतच असतो. (५) तारा, वितळतारा, स्विचे व जमिनीशी जोडणी.

महाराष्ट्रातील सूर्यप्रकाश : भारतात दर चौ. मी. ला दररोज सरासरी ४ ते ७ किवॉ. तास सौर ऊर्जा मिळते. महाराष्ट्रात वार्षिक सरासरी ५ ते ५·५ किवॉ. तास इतकी धरता येते. पण संच उभारताना ही सरासरी फसवी ठरते. एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा ६·५ च्या पुढे जातो, तर जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात व घाटमाथ्यावर तो ३ ते ४ वर येतो. संततधारेचे चार-सहा दिवस लागोपाठ आले, तर त्या दिवसांत याहूनही पुष्कळ कमी ऊर्जा मिळते. यूरोपातील मार्गदर्शक पुस्तकांत डिसेंबर हा सर्वांत कठीण महिना मानून संचाचे माप ठरविलेले असते. महाराष्ट्रात डिसेंबर कोरडा व निरभ्र असतो. येथील कठीण महिने पावसाळ्याचे होत. तेच गणित जसेच्या तसे येथे वापरल्यास संच ऐन पावसाळ्यात अपुरा पडतो.

पॅनेलांच्या कलावरही याचा परिणाम होतो. पॅनेले दक्षिणाभिमुख ठेवून त्यांचा कल स्थानाच्या अक्षांशाइतका ठेवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पुण्यासारख्या १८·५° उत्तर अक्षांशावरील ठिकाणी २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून सु. ४८° उंचीवर असतो. परंतु मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. शिवाय पावसाळ्यातील बराचसा प्रकाश ढगांतून पसरून सर्व बाजूंनी येतो. त्यामुळे पावसाळ्याची गरज डोळ्यांपुढे ठेवून उभारलेल्या संचात १०° ते १५° एवढा कमी कल अधिक सोयीचा ठरतो. १०° पेक्षा कमी कल मात्र ठेवू नये; कारण मग पावसाच्या पाण्याने धूळ वाहून जात नाही व खालच्या कडेस चिखल साचतो.

सावली हा पॅनेलचा मोठा शत्रू आहे. घट एकसरीत जोडलेले असल्याने नारळाच्या एका झावळीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी त्या घटमालिकेचे उत्पादन बरेच खाली येते. म्हणून जागा निवडताना सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात वर्षभरात कोठेही सावली पडणार नाही, हे पाहावे लागते. हिवाळ्यातील सावल्या लांब असतात, हे येथे विसरता कामा नये.

गरजेचे मोजमाप : प्रत्येक उपकरणाची शक्ती (वॉट) व त्याच्या दैनिक वापराचे तास यांचा गुणाकार केला म्हणजे त्याची रोजची गरज वॉट-तासांत मिळते. उदाहरणादाखल घाटमाथ्यावरील वाडीतल्या पाच माणसांच्या कुटुंबाची गरज पुढील कोष्टकात दिली आहे.

कोष्टक : घरगुती गरजेचा दैनिक हिशेब
एलईडी दिवे : ५ नग × ९ वॉ. × ५ तास = २२५ वॉ. तास
कमी शक्तीचे पंखे : २ नग × २८ वॉ. × १० तास = ५६० वॉ. तास
दूरचित्रवाणी संच : १ नग × ४० वॉ. × ३ तास = १२० वॉ. तास
भ्रमणध्वनी व रेडिओ : १० वॉ. × ४ तास = ४० वॉ. तास
मिक्सर : १ नग × ५०० वॉ. × १२ मिनिटे = १०० वॉ. तास
इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च : १० वॉ. × २४ तास = २४० वॉ. तास
एकूण = १,२८५ वॉ. तास

कोष्टकातील शेवटची बाब हिशेबातून बहुधा वगळली जाते. पण येथे ती पाचही दिव्यांच्या एकत्रित खर्चापेक्षा जास्त आहे. याच घरात ६० वॉ. चे तापदीप दिवे व ७५ वॉ. चे साधे पंखे असते, तर दिव्यांना १,५०० व पंख्यांना १,५०० वॉ. तास लागून एकूण गरज ३,५०० वॉ. तासांवर गेली असती. म्हणजे केवळ उपकरणे बदलल्याने गरज जवळजवळ एकतृतीयांशावर येते. नवीन पॅनेल घेण्याआधी जुना दिवा व जुना पंखा बदलणे हा या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त उपाय होय.

पॅनेलची क्षमता : पॅनेलवरील उष्णता व धूळ, तारांतील व्यय, घटमालेतील व्यय आणि इन्व्हर्टरमधील व्यय हे सर्व वजा जाता छापील क्षमतेच्या सु. ६० टक्के वीजच प्रत्यक्ष उपयोगी पडते, असे धरणे सुरक्षित असते. त्यानुसार वरील घरासाठी १,२८५ ÷ ०·६ = सु. २,१४० वॉ. तास निर्मिती लागेल. जुलैमधील दैनिक सौर ऊर्जा ३·५ किवॉ. तास धरल्यास पॅनेलची क्षमता २,१४० ÷ ३·५ = सु. ६१० वॉ. येते. वार्षिक सरासरी ५·२ धरून हिशेब केला, तर ४१० वॉ. पुरेसे वाटतात, पण असा संच जुलैमध्ये गरजेच्या दोनतृतीयांश इतकीच वीज देऊ शकतो. उरलेली तूट रोज घटमालेतून भरून काढली जाते व ती काही दिवसांतच निकामी होण्याच्या मार्गाला लागते. पावसाळ्यात पंख्यांचा वापर काहीसा कमी होतो हे खरे असले, तरी अंधारून आल्यामुळे दिव्यांचा वाढतो.

घटमालेची क्षमता : दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही, तरी घर चालावे अशी अपेक्षा धरली, तर २,५७० वॉ. तास साठा लागेल. इन्व्हर्टरमधील व्यय धरता तो सु. २,८६० होतो. शिसे-अम्ल घटमाला निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, असा संकेत असल्याने तिची क्षमता सु. ५,७०० वॉ. तास, म्हणजे २४ व्होल्टच्या संचासाठी सु. २४० अँपिअर-तास असावी लागते. १२ व्होल्ट व १२० अँपिअर-तासांच्या चार घटमाला, दोन-दोन एकसरीत व त्या दोन जोड्या अनेकसरीत जोडून ती मिळविता येते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येत असल्याने तीच गरज सु. ३,६०० वॉ. तासांत भागते. साठ्याचे दिवस वाढवीत नेल्यास खर्च झपाट्याने वाढतो. त्यामुळे सहा-सात दिवसांच्या झडीसाठी प्रचंड घटमाला बसविण्याऐवजी तेवढे दिवस वापर कमी करणे किंवा छोट्या जनित्राची मदत घेणे अधिक शहाणपणाचे असते.

दाबाची निवड व तारा : शक्ती तीच ठेवून दाब वाढविल्यास प्रवाह कमी होतो. ६०० वॉ. साठी १२ व्होल्टच्या मंडलात ५० अँपिअर, तर ४८ व्होल्टच्या मंडलात १२·५ अँपिअर प्रवाह लागतो. तारेतील ऊर्जाव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारेत दुसऱ्या बाबतीत तो एकषोडशांश होतो. म्हणून एक-दोन दिव्यांसाठी १२, मध्यम घरासाठी २४ व मोठ्या घरासाठी ४८ व्होल्टचा संच निवडतात. घटमाला, नियंत्रक व इन्व्हर्टर यांमधील तारा आखूड व जाड ठेवतात.

घटमालेची निगा : स्वावलंबी संच बंद पडतो तो बहुधा घटमालेमुळे. शिसे-अम्ल घट दीर्घकाळ अर्धवट भारित राहिला, तर त्याच्या पट्टिकांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व त्याची धारणक्षमता कायमची कमी होते. त्यामुळे आठवड्यातून निदान एकदा तरी तो पूर्ण भारित व्हावा लागतो. विद्युत् विच्छेद्याचे विशिष्ट गुरुत्व द्रवघनतामापकाने महिन्यातून एकदा तपासतात. पूर्ण भारित घटात ते सु. १·२४ ते १·२८ असते. पाण्याची पातळी कमी झाल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालतात. विहिरीचे वा नळाचे पाणी घातल्यास त्यातील क्षारांमुळे पट्टिका खराब होतात. तापमान दर १०° से. ने वाढले की, आयुष्य सु. निम्म्याने घटते. म्हणून घटमाला पत्र्याखालील माळ्यावर न ठेवता सावलीच्या व हवेशीर जागी ठेवावी. भारणाच्या अखेरीस तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो स्फोटक असल्याने तेथे देव्हारा, चूल वा समई ठेवू नये. अशी घटमाला सर्वसाधारणपणे ४ ते ६ वर्षे चालते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेत पाणी घालावे लागत नाही व ती १० वर्षांपर्यंत वा अधिक चालू शकते. परंतु तिची सुरुवातीची किंमत जास्त असते आणि तिचे इलेक्ट्रॉनीय संरक्षक मंडल बिघडल्यास खेड्यात दुरुस्ती होणे कठीण असते. [⟶ विद्युत् घटमाला].

पॅनेलांची काच कोरड्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी सकाळी वा संध्याकाळी साध्या पाण्याने धुतात. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकल्यास ती तडकण्याचा संभव असतो. निकामी शिसे-अम्ल घटमाला भंगारवाल्याकडे वा उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत करावी. शिसे हे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक आहे. घटमाला परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार उत्पादकांवर टाकण्यात आली आहे.

सुरक्षितता : पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्याच्या टोकांवर दाब असतोच, तो बंद करता येत नाही. काम करताना पॅनेल जाड कापडाने झाकून घेतात. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहजासहजी विझत नसल्याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेली स्विचे त्या बाजूस वापरणे धोक्याचे असते. घटमालेच्या धन अग्रालगत वितळतार बसविणे अनिवार्य समजावे. कारण घटमालेची दोन अग्रे पान्ह्याने चुकून जोडली गेली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून आग लागू शकते. पॅनेलांच्या धातूच्या चौकटी जमिनीशी जोडलेल्या असाव्यात व विजेच्या कडकडाटापासून संरक्षण देणारे साधन बसवावे.

कोकणात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा घरांची छपरे उडाली व विजेचे खांब कोसळून अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी स्वावलंबी संचाची खरी गरज असते. पण तो उडून न जाण्याइतका पक्का बसविलेला असेल, तरच त्याचा उपयोग. कौलारू घरात पॅनेलांचा सांगाडा कौलांवर वा रिपांवर न टेकविता वाशांना व तुळयांना बोल्टांनी जखडावा लागतो. वाशांना वाळवी लागलेली असल्यास अंगणात स्वतंत्र खांब उभारणे श्रेयस्कर असते.

अन्य गरजा : उष्णता निर्माण करण्यासाठी सौर घटांची वीज वापरणे स्वावलंबी घराला परवडत नाही. १०० लि. पाणी ३५° से. ने तापविण्यास सु. ४ किवॉ. तास ऊर्जा लागते, म्हणजे वरील उदाहरणातील घराच्या तीन दिवसांच्या विजेइतकी. २,००० वॉ. ची विजेची शेगडी दीड तास चालविल्यास ३ किवॉ. तास खर्च होतात. त्यामुळे पाणी तापविण्यासाठी सौर जलतापक व स्वयंपाकासाठी जैव वायू, सिलिंडरचा वायू, सौर पेटी कुकर किंवा सुधारित चूल यांचा आधार घेतात. याउलट पाणी उपसण्यास तुलनेने थोडीच ऊर्जा लागते. १,००० लि. पाणी १० मी. उंच चढविण्यास तत्त्वतः सु. २७ वॉ. तास व प्रत्यक्षात पंपातील व्यय धरून सु. १०० वॉ. तास पुरतात. म्हणून दुपारच्या उन्हात पंप चालवून उंचावरील टाकी भरून ठेवावी. साठविलेले पाणी ही एक प्रकारे साठविलेली ऊर्जाच होय. मिक्सर, शिवणयंत्र व इस्त्री यांचा वापरही दुपारी केला, तर वीज घटमालेत जाऊन परत येण्यातील व्यय वाचतो.

खर्च व धोरण : पॅनेलांच्या किमती गेल्या काही दशकांत फार मोठ्या प्रमाणात उतरल्या आहेत, त्यामुळे स्वावलंबी संचाच्या एकूण आयुष्यातील खर्चात घटमालेचा वाटा मोठा झाला आहे. पॅनेलच्या २५ वर्षांच्या आयुष्यात शिसे-अम्ल घटमाला चार-पाच वेळा बदलावी लागते. त्यासाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवणे हा संच टिकविण्याचा आवश्यक भाग आहे. जेथे जाळ्याची वीज खात्रीने मिळते, तेथे ती तोडून स्वावलंबी होण्यात पैशाची बचत होत नाही. अशा घरांना जाळ्याला जोडलेला संच अधिक लाभदायक असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेत छतावरील संचासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. पण तीही जाळ्याला जोडलेल्या संचांसाठी आहे. स्वावलंबी संचाचे क्षेत्र म्हणजे दुर्गम वाड्या-पाडे, शेतावरील वस्ती व जेथे तारमार्ग असूनही वीज दिवसेंदिवस येत नाही अशी ठिकाणे होत.

अनुभव : बिहारमधील जेहानाबाद जिल्ह्यातील धरणई गावी २०१४ मध्ये १०० किवॉ. क्षमतेचे सामुदायिक सौर केंद्र मोठ्या उत्साहात सुरू झाले. पुढे गावात जाळ्याची स्वस्त वीज आली, काही वर्षांत घटमाला निकामी झाल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत व केंद्र वापरातून गेले. याउलट राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकविण्यावर भर दिला. तारांच्या रंगांवरून व प्रत्यक्ष हातकामातून दिलेले हे प्रशिक्षण घेण्यासाठी परदेशांतील खेड्यांतूनही स्त्रिया तेथे आल्या. संच कोणी बसविला यापेक्षा तो बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

सुरुवात : नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने प्रथम महिनाभर आपल्या वापराची दैनिक नोंद ठेवावी. त्यानंतर दिवे व पंखे बदलून गरज कमी करावी. मग केवळ दिवे, पंखे व भ्रमणध्वनी यांपुरता लहान संच बसवून एक संपूर्ण पावसाळा त्यावर काढावा आणि त्या अनुभवावरून पुढील वाढ ठरवावी. पॅनेले मागाहून वाढविता येतात. म्हणून नियंत्रक व सांगाडा सुरुवातीसच थोड्या अधिक क्षमतेचा घ्यावा. जुन्या शिसे-अम्ल घटमालेला नवी जोडणे मात्र टाळावे, कारण जुनी घटमाला नवीलाही आपल्या पातळीवर खेचते. घरातील निदान दोघांना पाण्याची पातळी पाहणे, वितळतार बदलणे व विद्युत् दाब मोजणे ही कामे आली पाहिजेत. १२ व्होल्टची शिसे-अम्ल घटमाला विश्रांतीनंतर सु. १२·७ व्होल्ट दाखवीत असेल, तर ती पूर्ण भारित असते; १२·१ व्होल्टच्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते व त्या रात्री दूरचित्रवाणी संच बंद ठेवणे इष्ट असते. रोज संध्याकाळी हा आकडा पाहून रात्रीचा वापर ठरविणारे कुटुंब लहान संचावरही अनेक वर्षे निर्वेधपणे राहू शकते.